बसच्या खिडकीतला डोंगर आणि डोंगरातले गाव : स्पेनमधील एका विद्यार्थी कलापथकाची कथा

१/ आजचा धागा १९३० च्या दशकातील स्पेनविषयी आहे. रविवारी किंवा सुटीच्या दिवशी माद्रिद शहरातून एक बस निघत असे. बसमध्ये विद्यापीठातील तरुण-तरुणी. सोबतच्या ट्रकवर लाकडी फळ्या, पडदे आणि वेशभूषेच्या पेट्या. बस घाट चढून एखाद्या आडगावी थांबे, चौकात रंगमंच उभा राही, गाणी आणि प्रहसने होत, आणि सारा पसारा आवरून मंडळी पुढे निघत. ही सहल होती, शिक्षण होते, की राजकारण? तिन्ही उत्तरे अंशतः खरी आहेत. ती कशी, ते पाहू.

२/ प्रथम पार्श्वभूमी. १४ एप्रिल १९३१ रोजी स्पेनमध्ये प्रजासत्ताकाची घोषणा झाली आणि राजा तेरावा आल्फोन्सो देश सोडून गेला. नव्या राजवटीच्या हाती आलेला देश दोन तुकड्यांत विभागलेला होता. एकीकडे माद्रिद-बार्सेलोनासारखी शहरे, त्यांतील नाट्यगृहे, वृत्तपत्रे आणि विद्यापीठे. दुसरीकडे वीज नाही, वैद्य नाही, मोटार जाईल असा रस्ता नाही, अशी असंख्य डोंगरी गावे. देशातील सुमारे एक तृतीयांश लोक निरक्षर होते, आणि त्यांचा मोठा भाग याच गावांत राहत होता.

३/ प्रजासत्ताक स्थापन होऊन जेमतेम दीड महिना झाला होता तोच, २९ मे १९३१ रोजी, सरकारने एका आदेशाद्वारे ‘मिसिओनेस पेदागोखिकास’ म्हणजेच ‘शैक्षणिक मोहिमा’ चालविणारे एक मंडळ नेमले. ‘मिशन’ हा शब्द मुळात धर्मप्रसाराचा. येथे मात्र धर्मोपदेशकाच्या जागी शिक्षक, चित्रकार, विद्यार्थी आणि ग्रंथपाल होते. कवी आन्तोनियो माचादो या मंडळाचे सदस्य होते, आणि अध्यक्षपदी होते चौऱ्याहत्तर वर्षांचे मानुएल बार्तोलोमे कोसिओ.

४/ हे कोसिओ कोण? १८७६ मध्ये फ्रान्सिस्को खिनेर दे लोस रिओस यांनी माद्रिदमध्ये ‘स्वतंत्र शिक्षणसंस्था’ स्थापन केली. सरकारी आणि धार्मिक दडपणापासून मुक्त असे शिक्षण हा तिचा हेतू. कोसिओ हे खिनेर यांचे शिष्य आणि उत्तराधिकारी. चित्रकार एल ग्रेको याच्यावरील त्यांचा १९०८ चा ग्रंथ आजही मोलाचा मानला जातो. ही संस्था मुलांना वर्गाबाहेर काढून माद्रिदच्या उत्तरेकडील ग्वादार्रामा पर्वतात घेऊन जात असे. डोंगर ही शाळा आहे, हा विचार तेथे कित्येक दशके रुजत आला होता.

५/ कोसिओ यांच्या विचारातील वेगळेपण येथे ध्यानात घ्यावे. त्यांच्या मते शहर आणि खेडे यांच्यातील अन्याय केवळ पैशाचा वा अक्षरओळखीचा नव्हता. चित्र पाहण्याचा, नाटकात रमण्याचा, गाणे ऐकून हरखून जाण्याचा आनंदही शहराने स्वतःपाशी साठवून ठेवला होता. तो आनंद गावाला त्याचा हक्क म्हणून पोहोचवावा, परीक्षा नको, उपदेश नको, ही त्यांची भूमिका होती. गावकऱ्यांपुढे वाचण्यासाठी त्यांनी लिहिलेल्या निवेदनातही आम्ही आधी तुमचे मन रमवायला आलो आहोत, असाच सूर होता.

६/ पहिली मोहीम डिसेंबर १९३१ मध्ये सेगोविया प्रांतातील आयिओन या गावी गेली. पुढे कामाच्या अनेक शाखा झाल्या. गावोगावच्या शाळांना पुस्तकसंच देण्यात आले. १९३६ पर्यंत अशी पाच हजारांहून अधिक ग्रंथालये स्थापन झाली. प्रादो संग्रहालयातील बेलास्केस, गोया, एल ग्रेको यांच्या चित्रांच्या प्रतिकृती रामोन गायासारख्या तरुण चित्रकारांनी रंगविल्या आणि त्यांचे फिरते संग्रहालय गावांत नेले. चित्रपट-प्रक्षेपकही गेला. रस्ता संपला की सामान खेचरांच्या पाठीवर चढे.

७/ यांतील सर्वांत बोलकी शाखा म्हणजे ‘लोकांचे वृंदगान आणि रंगभूमी’. आपल्याकडच्या कलापथकाची आठवण व्हावी असाच हा संच होता. सुमारे पन्नास विद्यार्थी, सारे स्वयंसेवक, मानधन शून्य. आठवडाभर व्याख्याने आणि तालमी, सुटीच्या दिवशी बस. पहिला प्रयोग मे १९३२ मध्ये तोलेदो प्रांतातील एस्किविआस येथे झाला. ‘डॉन किहोते’चा कर्ता सर्व्हांतेस याचा विवाह याच गावी झाला होता. स्थळाची निवड सूचक म्हणावी लागेल.

८/ नाट्यविभागाचे दिग्दर्शक होते आलेहान्द्रो कासोना. खरे नाव आलेहान्द्रो रोद्रिगेस आल्वारेस; जन्म १९०३, आस्तुरियास या डोंगराळ प्रदेशातील बेसुयो या खेड्यात. आई-वडील दोघेही शिक्षक. गावातील शिक्षकाच्या घराला लोक ‘कासोना’, म्हणजे मोठे घर, म्हणत. तेच त्यांनी लेखननाव म्हणून घेतले. पुढे पिरेनीज पर्वतातील आरान खोऱ्यात शिक्षणखात्यात काम करताना त्यांनी शाळकरी मुलांची नाटकमंडळी काढली होती. डोंगर त्यांना खिडकीतून पाहून ठाऊक झालेला नव्हता. ते तेथलेच होते.

९/ वृंदगानाची धुरा एदुआर्दो मार्तिनेस तोर्नेर यांच्याकडे होती. तेही आस्तुरियासचे, तेथील लोकगीतांचा मोठा संग्रह त्यांनी १९२० मध्ये प्रसिद्ध केला होता. म्हणजे वृंदगानात विद्यार्थी जी गाणी म्हणत, ती मुळात खेड्यांचीच होती. शहरातील विद्वानाने ती गावकऱ्यांच्या तोंडून ऐकून स्वरलिपीत उतरविली आणि आता विद्यापीठातील मुले ती पुन्हा गावाच्या चौकात म्हणत होती. उसने घेतलेले धान्य परत करावे, तसाच हा व्यवहार होता.

१०/ नाटकांची निवडही याच तत्त्वावर झाली होती. लांबलचक शोकांतिका वर्ज्य. लहान, खेळकर, पूर्वी गावोगावी होऊन गेलेली प्रहसने हवीत. म्हणून सोळाव्या शतकातील लोपे दे रुएदा याची छोटी प्रहसने घेतली. हा रुएदा मूळचा सेव्हिलचा, सोन्याचा पत्रा ठोकणारा कारागीर. पुढे फिरत्या नाटकमंडळीचा नायक झाला. सर्व्हांतेसने तरुणपणी त्याचे खेळ पाहिले होते, आणि त्या काळी नाटकवाल्याचे सारे सामान एका पोत्यात मावे, असे त्याने उतारवयात लिहून ठेवले आहे.

११/ फिरत्या रंगमंचाची प्रेरणाही सर्व्हांतेसचीच. ‘डॉन किहोते’च्या १६१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या भागात नायकाला वाटेत आंगुलो याच्या नाटकमंडळीची गाडी भेटते. पुढच्या गावी लगेच खेळ असल्याने नटांनी वेश उतरविलेलेच नाहीत; गाडीत यम, देवदूत आणि राजा शेजारी शेजारी बसले आहेत. कोसिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही गाडी आदर्श म्हणून डोळ्यांपुढे ठेवली. गाडीच्या जागी बस आणि ट्रक आले, एवढाच फरक.

१२/ कासोना यांनी स्वतःही दोन खेळ रचले. एक चौदाव्या शतकातील दोन हुआन मानुएल याच्या कथेवरून, तापट नवरीशी लग्न करणाऱ्या तरुणाचा. दुसरा सांचो पान्साचा. कादंबरीत सांचो या निरक्षर शेतकऱ्याला थट्टेने एका ‘बेटा’चे राज्यपालपद दिले जाते, आणि तो मोठमोठ्या विद्वानांना लाजवील असा न्याय करतो. मात्र जेवायला बसला की राजवैद्य प्रत्येक ताट अपथ्य म्हणून उचलून नेतो. समोर अन्न, हाती सत्ता आणि पोट उपाशी! हा विनोद डोंगरातील प्रेक्षकाला समजावून सांगण्याची गरज नव्हती.

१३/ आता प्रवासाकडे वळू. माद्रिदहून उत्तरेला ग्वादार्रामा, पश्चिमेला ग्रेदोस. ग्रेदोसचे सर्वोच्च शिखर अडीच हजार मीटरहून उंच आहे. पाइनची अरण्ये, ग्रॅनाइटचे कडे, वसंतातही शिखरांवर टिकणारे बर्फ. या पिढीच्या विद्यार्थ्यांनी हा निसर्ग पाहण्याआधी वाचलेला होता. माचादो यांचा कास्तियेच्या भूमीवरील काव्यसंग्रह १९१२ मध्ये आला होता. सोरिया या थंड, उंचावरील गावी ते पाच वर्षे फ्रेंच शिकवीत होते. खिडकीतून दिसणाऱ्या दृश्याला कवितेची चौकट आधीच लाभलेली होती.

१४/ बसमधून उतरल्यावर ही चौकट गळून पडे. ट्रकवरील फळ्या विद्यार्थीच उतरवीत, तेच खांब रोवीत, पडदा बांधीत, तेच गात आणि तेच नट होत. नेपथ्य जवळजवळ नव्हतेच. उघडे आकाश, चौक किंवा चर्चची पडवी. प्रेक्षकांत म्हाताऱ्या, गुराखी, कडेवर भावंड घेतलेल्या मुली. कासोना यांनी नंतर लिहिले की पाच वर्षांत त्यांचे पथक तीनशेहून अधिक गावांत गेले. रंगभूमी आणि लोक यांविषयी जे काही गंभीर असे शिकलो ते याच प्रवासात, असेही त्यांनी नमूद केले.

१५/ याच काळात गार्सिया लोर्का यांच्या दिग्दर्शनाखाली ‘ला बार्राका’ हे दुसरे विद्यार्थी नाट्यपथकही फिरत होते; त्याचा पहिला प्रयोग जुलै १९३२ मध्ये एल बुर्गो दे ओस्मा येथे झाला. दोन्ही पथकांची गल्लत अनेकदा होते. लोर्का यांच्या पथकाला अभिजात नाटकांची नवी, प्रयोगशील मांडणी करायची होती. काल्देरोन आणि लोपे दे बेगा यांची मोठी नाटके त्यांनी उभी केली. कासोना यांच्या पथकाचा पल्ला लहान गावांचा आणि अपेक्षा साधी होती : गावाने मनमोकळे हसावे.

१६/ या साऱ्यावर टीका दोन्ही बाजूंनी झाली. उजव्या पक्षांना हा सरकारी पैशांवर चाललेला प्रजासत्ताकाचा प्रचार वाटे. मुले-मुली एकत्र प्रवास करतात हेही अनेकांच्या डोळ्यांत खुपे. डाव्यांतील काहींचा आक्षेप निराळा आणि अधिक बोचरा होता : शेतमजुराला जमीन हवी, भाकर हवी; त्याला बेलास्केस दाखवून काय साधणार? सप्टेंबर १९३२ मध्ये जमीनसुधारणेचा कायदा झाला, परंतु त्याची अंमलबजावणी रखडत होती. म्हणून हा प्रश्न पोकळ नव्हता. १९३४ मध्ये तो पथकापुढे सदेह उभा राहिला.

१७/ स्थळ : वायव्य स्पेनमधील सामोरा प्रांत, सानाब्रिया. हिमनदीने कोरलेले येथील सरोवर त्या प्रकारचे आयबेरियन द्वीपकल्पातील सर्वांत मोठे. पाण्याखाली एक गाव बुडाले असून सान हुआनच्या रात्री त्याच्या घंटा ऐकू येतात, अशी लोककथा आहे. तत्त्वचिंतक उनामुनो यांनी येथे भेट दिली आणि १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सान मानुएल बुएनो, मार्तिर’ या लघुकादंबरीत ही कथा गुंफली. देखण्या निसर्गाला साहित्याचे तेज चढावे, असे हे ठिकाण.

१८/ सरोवराच्या वरच्या अंगाला सान मार्तीन दे कास्तान्येदा हे गाव आहे. जुन्या मठाचे अवशेष, दगडी घरे. येथे पथक गाणी आणि प्रहसने घेऊन पोहोचले. समोर आली ती फाटक्या कपड्यांतील उपाशी मुले, आजारी माणसे, धूर कोंडलेली अंधारी घरे. कासोना यांनी या धक्क्याचे वर्णन प्रांजळपणे केले आहे : या माणसांना अन्न आणि औषध हवे होते, आणि त्या दिवशी आमच्या झोळीत गाणी आणि कविता यांवाचून काही नव्हते, असा त्याचा आशय.

१९/ अशा प्रसंगी दोन मार्ग सोपे असतात. पहिला म्हणजे कार्यक्रम उरकून बसमध्ये बसणे आणि परतीच्या वाटेवर सरोवराचे सौंदर्य न्याहाळणे. दुसरा म्हणजे कला ही भरल्या पोटाची चैन आहे असे ठरवून नाटकाचा त्याग करणे. पथकाने यांतील एकही स्वीकारला नाही. मंडळी माद्रिदला परतली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पुन्हा सानाब्रियाला गेली. या मोहिमेला नाव दिले गेले ‘शैक्षणिक-सामाजिक’. जोडशब्दातील दुसरा शब्द त्या गावाने शिकविलेला होता.

२०/ या खेपेला औषधे आणि वैद्यकीय मदत आली. शाळा दुरुस्त करून तिला साहित्य दिले गेले. मुलांसाठी शाळेतच जेवणाची सोय झाली. शेतीविषयी मार्गदर्शन झाले. करमणुकीचे कार्यक्रमही थांबले नाहीत. त्याच महिन्यात आस्तुरियासमध्ये खाणकामगारांनी उठाव केला आणि सैन्याने तो चिरडला. देश होरपळत असताना मूठभर तरुण एका डोंगरी शाळेत जेवणाची व्यवस्था लावीत होते. १९४१ मध्ये परदेशी असताना कासोना यांनी या मोहिमेवर स्वतंत्र पुस्तिका प्रसिद्ध केली, इतका तो अनुभव त्यांच्या मनात रुतला होता.

२१/ सानाब्रियाचा प्रसंग इतिहासकार दोन प्रकारे वाचू शकतो. कोसिओ यांच्या आदर्शवादाचा हा पराभव होता, असे एक वाचन. मला दुसरे अधिक पटते. गाणे घेऊन तेथे कोणी गेलेच नसते, तर ती भूक शहराला दिसली नसती. हिशेबनीस किंवा करवसुलीचा अधिकारी जेथे आकडा पाहून परततो, तेथे नाटकवाल्याला प्रेक्षकाच्या चेहऱ्याकडे पाहावेच लागते. प्रेक्षक हसला नाही तर का हसला नाही, हे त्याला शोधावे लागते. नाटकाने भूक भागली नाही, पण भुकेची साक्ष द्यायला पन्नास माणसे तयार झाली.

२२/ साक्षीवरून छायाचित्रांचे स्मरण होते. होसे बाल देल ओमार यांनी या मोहिमांमध्ये कॅमेरा वापरला तो पुष्कळदा उलट्या दिशेने : पडद्याकडे किंवा रंगमंचाकडे पाठ करून, प्रेक्षकांकडे तोंड करून. उघडलेली तोंडे, विस्फारलेले डोळे, एकमेकांना बिलगलेली मुले. लेखी अहवाल मंडळानेच प्रसिद्ध केले, म्हणून त्यांत मंडळाचा दृष्टिकोन असणे स्वाभाविक. या चेहऱ्यांना मात्र कोणी मजकूर लिहून दिलेला नव्हता. स्रोतांचे परीक्षण शिकणाऱ्या प्रत्येकाने ही छायाचित्रे अहवालाशेजारी ठेवून पाहावीत.

२३/ पुढचा काळ झपाट्याने ढासळला. नोव्हेंबर १९३३ च्या निवडणुकीत उजव्या पक्षांची सरशी झाली होती आणि त्यानंतर मोहिमांच्या अनुदानाला कात्री लागली. सप्टेंबर १९३५ मध्ये कोसिओ निवर्तले. जुलै १९३६ मध्ये लष्करी बंडाने यादवी युद्धाला तोंड फुटले आणि ज्या घाटांतून बस जात असे तेथे युद्धआघाडी उभी राहिली. ग्वादार्रामाच्या खिंडींसाठी पहिल्याच दिवसांत तुंबळ लढाया झाल्या. ऑगस्टमध्ये लोर्का यांची ग्रानादाजवळ हत्या झाली.

२४/ विजेत्या राजवटीने शिक्षकांची चौकशी करणारे आयोग नेमले. अनेकांनी नोकरी गमावली, अनेकांनी प्राण. माचादो फेब्रुवारी १९३९ मध्ये सीमेपलीकडे, फ्रान्समधील कोलिऊर येथे मरण पावले. तोर्नेर लंडनला गेले आणि १९५५ मध्ये तेथेच निवर्तले. कासोना अखेर बुएनोस आयरेसमध्ये स्थिरावले. पथकासाठी रचलेले खेळ त्यांनी तेथे १९४९ मध्ये ‘रेताब्लो होव्हियाल’ या संग्रहात छापले. १९६२ मध्ये ते मायदेशी परतले आणि तीन वर्षांनी वारले.

२५/ तर सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. ही सहल होती, कारण तरुण मुले आनंदाने डोंगर पाहत निघाली होती आणि त्यात लाजण्यासारखे काही नव्हते. हे शिक्षण होते. मात्र त्याची दिशा ठरविल्याप्रमाणे राहिली नाही, गावाला शिकवायला गेलेले गावाकडून शिकून आले. आणि हे राजकारणही होते, कारण आनंद व अन्न या दोन्हींवर गावाचा सारखाच हक्क आहे असे म्हणणे हे कोणत्याही काळात राजकीय विधानच ठरते.

२६/ पर्वतांचे सौंदर्य खोटे नसते. सानाब्रियाचे सरोवर १९३४ मध्येही तितकेच निळे होते. परंतु निसर्गवर्णनाने भरलेली जुनी प्रवासवर्णने वाचताना एक प्रश्न जवळ ठेवावा : लेखक बसमधून उतरला होता काय? आणि उतरला असेल, तर पुन्हा त्या गावी गेला काय? कासोना यांचे विद्यार्थी दुसऱ्यांदा गेले, म्हणून त्यांची ही हकिगत सांगावीशी वाटली.

धागा येथे पूर्ण झाला. आपल्या भागात फिरलेल्या एखाद्या जुन्या कलापथकाच्या आठवणी, कार्यक्रमपत्रिका किंवा छायाचित्रे घरातील वडीलधाऱ्यांकडे असतील, तर त्या आवर्जून नोंदवून ठेवा. अशा फिरत्या मंडळींचा इतिहास कचेरीच्या दप्तरात क्वचितच सापडतो. तो बहुधा ट्रंकेच्या तळाशी असतो.